हीटर : नामंजूर

"हीटर? सोलापुरात?
यड लागलं का बे गड्डमला?"
मीच म्हणालो होतो पहिल्यांदा,
त्रेचाळीस डिग्रीत, बनियनवर,
अक्कलकोट रोडच्या माझ्या पत्र्याखाली.

श्रीनिवास गड्डमनं गोणपाट उलटं केलं:
एक कोअर, पितळी टाक्या हिरव्या पडलेल्या,
पंख्याची मोटर, जाम,
कॉक, अर्धी केबल,
आणि नळीत कुंभारमाशीचं घर, तीन खोल्यांचं.
बाहेर लिंबाखाली बेडफर्ड, बासष्टची,
बॉनेट काढलेली, रंग खरवडलेला.
तिचा मूळ हीटर कुणी विकला, कधी, पत्ता नाही.
हे भंगारातलं. दोन मेलेल्यांतून
एक जिता करायचा होता.

कोअरच्या एका तोंडाला बूच,
दुसऱ्याला सायकलचा पंप,
आणि बुडवला टबात.
सात ठिकाणी बुडबुडे.
सातही जागा बोटांनी पाठ केल्या.
चिंचेच्या कोळानं पितळ उजळलं
(आमटीची चिंच; घरी बोलणी खाल्ली),
नवसागराचा धूर डोळ्यांत गेला,
कथील थरथरलं, आणि मग
आपल्याच घरी आल्यासारखं सांध्यात शिरलं.
इरण्णा मोटरला भिडला.
मिक्सरचे कार्बन फरशीवर घासून घासून बसवले.
पंखा एकदा शिंकला,
नंतर फिरला.

तेव्हा गड्डमनं वही काढली.
वडलांची. नावं तेलुगूत, आकडे मराठीत.
'म. नदाफ. अंबाल्यात हीटर बसवला. रु. ६०.'
पुढं लाल शाईत एकच शब्द:
नामंजूर.
तो काही बोलला नाही. मीही नाही.
वही त्यानं सदऱ्यानं पुसली,
तिच्यावर धूळ नसताना.

शुक्रवारी नमाजानंतर महताबसाब नदाफ आले,
रिक्षातून, नातवाच्या खांद्यावर हात.
गाडीला आधी एक फेरी मारली. मग बोलले:
"तीनशे चादरी मागं. गाठी शिवलेल्या, शिक्के मारलेले.
पानिपतच्या पुढं धुकं असं की
आपलंच बॉनेट दिसंना.
मी पोत्यात पाय घालून.
क्लीनर म्हणाला, उस्ताद, एक गाठ उसवू.
म्हणलं नको. बिल्टीत आकडा आहे."

इंजिन तापेस्तोवर आम्ही चहा घेतला.
म्हातारा कुणाचा हात न धरता वर चढला,
आणि बघितल्याशिवाय
त्याची बोटं बटणावर गेली.

आधी वास आला. मातीचा, जळक्या पंखांचा.
मग झोत.
मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता
आम्ही तिघंही एक पाऊल मागं सरलो.
त्यानं चपला काढल्या,
पाय पुढं केले.

"उन्हाळ्यातबी सोडायचो की ओ," तो म्हणाला.
"चढाला काटा लाल झाला की
इंजिनाचा ताप थोडा आपल्या पायावर घ्यायचा.
गाडी निवायची."
पायजमा वर केला:
नडगीवर काळपट डाग, तळव्याएवढा.
"थंडीचं मालकाला सांगितलं होतं.
हे नाही सांगितलं."

गड्डम खिडकीशी उभा,
हात खिशात, कपाळ ओलं.
"चालतंय ना, चाचा?"
"चालतंय. त्या वेळी एवढा गरम नव्हता."
इरण्णानं मध्येच विचारलं,
ह्यातनं गार हवा येत नाही का.
कुणी हसलं नाही, मग सगळेच हसले.

मी खाली वाकलो होतो डॅशबोर्डापाशी.
पाचव्या सांध्यावर
एक थेंब जमत होता.
अंगठा लावला, भाजलं,
काढला, पुन्हा लावला.
उद्या परत उतरवायला लागणार.
आज सांगितलं नाही कुणाला.
वर म्हातारा अजून पाय शेकत बसला होता.