श्वास धरा, हलू नका

एकतीस वर्षं मी हे एकच वाक्य बोलले
मडगावच्या इस्पितळात, शिशाच्या पडद्यामागून.
लोक हलायचे नाहीत.
त्यांचे मणके काळ्या फिल्मवर राखाडी होऊन यायचे,
फडताळात रचलेल्या वाट्यांसारखे,
एखादी वाटी जराशी कलंडलेली.
एकदा 'सोडा' म्हणायचंच विसरले,
तर असोळण्याचा एक गवंडी
लालबुंद होईपर्यंत तसाच उभा.

निरोपाच्या दिवशी हार, नारळ
आणि एक पाकीट: केळशीच्या मैदानावर
गोल्फचे दहा धडे.
सगळे हसले. मीही.

तर आता मी इथे, साळ नदीच्या कडेला,
सात नंबरची काठी हातात,
आणि चेंडू जागच्या जागी.
तिसऱ्यांदा.

शिकवणारा मुलगा फोनवर आहे.
पास्कू नुसता कॅडी,
माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.
तो बॅग गवतावर टेकवतो, म्हणतो,
"बाये, हात विसर."

हात विसरू? मग मारू कशानं?

तो डाव्या चपलेनं जमीन दाबतो.
काठी मागे अजून वर चढत असते,
तेव्हाच हा पाय
खालच्या मातीशी काहीतरी बोलून घेतो.
मातीकडून उत्तर येतं, पोटरीतून, मांडीतून.
"बापूय माझा मानसकार," तो म्हणतो.
मानस म्हणजे आपलं मन नव्हे,
खाजणाच्या बांधातलं लाकडी दार.
भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं.
"कोण ढकलीत नाही त्याला.
भायलं पाणी खाली गेलं
की आतलं पाणीच उघडतं. हात म्हणजे ते दार."

मी काठी मागे नेते.
कंबर फिरवा, म्हणतात सगळे. खोटं आहे.
कंबरेचा एकेक मणका
दोन अंशसुद्धा धड वळत नाही;
ज्यांनी हट्टानं वळवला
ते माझ्या टेबलावर येऊन आडवे झाले.
वळतो खुबा, खोबणीत मुकाट्यानं,
वळते बरगड्यांची टोपली त्याच्या दुप्पट,
आणि दोघांच्या मधे जो पीळ पडतो
तेच बांधाआडचं पाणी.

एवढं मला ठाऊक होतं.
पुढचं कुठल्याच फिल्मवर आलं नव्हतं.
खुबा आधी धावतो,
मग मंदावतो. दमून नाही.
तो मंदावतो म्हणून छाती सुटते,
छाती अडते म्हणून दंड,
दंड ओसरतो तेव्हा मनगट उलगडतं,
आणि प्रत्येकानं हातचं सोडलेलं सगळं
लोखंडाच्या टोकाशी जाऊन पोचतं.
पाव सेकंद, फार तर.
कुणी एकानं जरी म्हटलं, मीच नेतो शेवटपर्यंत,
तर चेंडू जागच्या जागी.

काल माझ्या जागी आलेल्या शर्वाणीचा फोन होता.
जुन्या मशीनची डावीकडची कळ अडकते, काय करू?
सांगितलं: थोडी वर उचलून दाब.
अजून बरंच होतं सांगण्यासारखं.
फोन ठेवला.

पाचवा चेंडू. सहावा. सहावा गवत उपटतो,
टिटवी ओरडत उठते.
सातव्याला मी हातांचं काय झालं ते पाहिलंच नाही.
पाय दाबला, कुठेतरी खाली पातळी उतरली,
आणि दार
वाजलं.

चेंडू फार लांब नाही गेला.
पण सरळ, माडांच्या सावल्या ओलांडून,
निशाणाच्या अलीकडे कुठेतरी.
मी तशीच उभी:
छाती नदीकडे, उजवी टाच उचललेली,
काठी खांद्यामागे, सगळा भार डाव्या खुब्यावर,
हाडन् हाड जिथल्या तिथे.

पास्कू बॅग खांद्याला लावून
केव्हाच पुढे निघालेला.
मागे न बघता म्हणतो,
"चल गो बाये, फोटो कोण काढता तुजो?"