टपावरची किल्ली

बाबा कुलपं दुरुस्त करायचे,
आणि हे साऱ्या पुंता अरेनासला कळावं म्हणून
गाडीच्या टपावर दीड हात लांबीची
पत्र्याची पिवळी किल्ली.
खालची गाडी मूळची निळी,
एक दार मात्र बाटलीसारखं हिरवं, कुणाचं कोण जाणे.
मागच्या सीटवर कानशी, ग्रीसचा डबा,
आणि त्यांच्यात जागा करून बसलेले
दान्को नि मी.

आमच्या गावात वारा माणसाला रस्ता ओलांडू देत नाही.
चौकात दोर बांधून ठेवतात,
म्हाताऱ्यांनी धरून चालावं म्हणून.
त्या वाऱ्यात किल्लीचं गोल भोक शिट्टी घालायचं.
गाडी वळणावर दिसायच्या आधी
शाळेच्या फाटकात शिट्टी हजर,
आणि पोरांचे हात वर:
अंगठा नि तर्जनी, हवेतलं कुलूप उघडल्यासारखे,
टिक्.
मिलेंको हात वर करायचा नाही. नुसता हसायचा.
ते मला जास्त लागायचं.

"बाबा, आम्हाला बेकरीपाशीच सोडा ना."
"बेकरी बंद असते या वेळी."
"चालायला हवं, मास्तर म्हणतात."
"अशा वाऱ्यात?"
आणि गाडी थेट फाटकापर्यंत,
वर एक हॉर्न,
आपण आलोय हे कुणाच्या ध्यानातून राहून गेलं असेल तर.

ऑगस्टातली रात्र. मी पंधराची, दान्को तेराचा.
पाना बाबांचाच, त्यांच्याच पेटीतला.
काढली नाही आम्ही किल्ली, खरंच नाही,
चारही नट फक्त सैल केले.
बाकीचं वाऱ्यावर सोडलं.

वाऱ्याला तीन दिवस लागले.
शुक्रवारी, समुद्राकाठच्या रस्त्यावर,
आधी एक बोल्ट वरून दान्कोच्या मांडीत पडला,
मग डोक्यावर काहीतरी फाटल्यासारखं,
मग शिट्टी बंद.
बाबा धावले.
किल्ली रस्त्यावर कोलांट्या घेत होती,
एकदा तर सरळ उभी राहिली, दारात घातल्यासारखी,
आणि सामुद्रधुनीत गेली.
आम्ही गाडीत. हात गुडघ्यांवर.
ते परतले ते पोटऱ्यांपर्यंत ओले.
"नाही," म्हणाले. एवढंच.

रात्री जेवताना त्यांनी खिशातून एक नट काढून
मिठाच्या भांड्याशेजारी ठेवला.
टपाच्या पन्हाळीत अडकलेला.
कडांवर पान्याच्या ताज्या, चकचकीत खुणा.
कोणतं कुलूप कुणी, कशानं, किती घाईत उघडलं
हे ओरखड्यावरून सांगणारा माणूस;
पोलीससुद्धा विचारायला यायचे त्यांना.
आमच्या तोंडाला कुलूप.
त्यांनी नटाकडे पाहिलं, मग आमच्या हातांकडे,
आणि पाव पुढे केला.

सोमवारी गाडी बेकरीपाशी थांबली.
आम्ही काही बोललोही नव्हतो.
"उतरा," ते म्हणाले,
"चालायला हवं, मास्तर म्हणतात."

फाटकात एकही हात वर झाला नाही.
मिलेंको दुसऱ्याच कुणाला तरी हसत होता.
किती दिवस हेच तर मागत होते मी,
आणि दप्तर खांद्यावरून काढायचंही सुचेना.

टपाला आता चार भोकं.
आतलं कापड केव्हाच लोंबलेलं,
गारठलेलं पाणी नेमकं माझ्या मानेवर ठिबकायचं.
लोकांच्या दाराला फट राहू न देणाऱ्या बाबांना
ही चार भोकं बुजवायला वेळ मिळाला नाही
तो अगदी वसंत येईपर्यंत.
वारा सुटला की त्यातून चार बारीक आवाज यायचे,
एकही सुरात नाही.

एकदा दान्कोनं हात वर करून
एका भोकाला बोट लावलं.
आवाज बदलला.
बाबांनी आरशातून पाहिलं.
दान्कोचं बोट तिथंच.
मग मी दुसऱ्यावर ठेवलं.