पाण्याचा दिवस

सातव्या वर्षी मी इश्माएल होतो,
तीन रविवार, भर दुपारी, राजय्या पेंटरच्या गच्चीवर.
डोक्याशी तारेनं बांधलेली बाभळीची फांदी,
अंगाखाली बंद गिरणीतलं पोतं.
"कदलकु," राजय्या ओरडायचा, हलू नको,
तहानेनं मरतोयस तू.
सोलापूरचा मे. वेगळं काही करावं लागलं नाही.

त्यानं आयुष्यभर सिनेमाचे बोर्ड रंगवलेले,
ते संपल्यावर ट्रकच्या पाठीवरचे मोर.
देवदूत एकही नाही.
पाळक उबाळ्यांनी त्याला वाचून दाखवलं:
रान, रिकामा बुधला, झुडपाखाली टाकलेलं पोर,
आणि आई बाणाच्या टप्प्याइतकी लांब बसलेली,
लेकराचं मरण दिसू नये म्हणून.
"इतकं लांब नाही जमणार," राजय्या म्हणाला,
"कापड सहा हातच आहे."

कापड भावाच्या मागावरचं, खळीचा वास न गेलेलं.
हागार झाली विड्या वळणारी नागमणी.
तिच्या बोटांवरची तंबाखू त्यानं रंगात तशीच ठेवली
आणि तिला पाठमोरी बसवली.
त्या पाठीला नऊ दिवस लागले.

देवदूताचे पंख आधी झाले,
तळ्यावरच्या बगळ्याचे.
पंखांच्या मधे कोणीच नाही.
पाळक विचारायचे. राजय्या म्हणायचा, येईल.

मग एकदा, पाचव्या दिवशी, पहाटे साडेतीनला
गल्लीत लोखंडावर लोखंड वाजलं.
महापालिकेचा चावीवाला हणमंतू,
आडव्या मुठीची लांब चावी खांद्यावर,
एका चपलेला अंगठा नाही,
गटाराशेजारचं झाकण उचलून आत वाकला,
आणि उंबऱ्याउंबऱ्यातून घागरी बाहेर आल्या.
राजय्या गच्चीच्या कठड्याला धरून उभा होता.

चित्रात देवदूताचा चेहरा दिसत नाही.
वाकलाय तो. एक पाय अनवाणी.
पाळक बराच वेळ बघत राहिले.
"खांद्यावर हे काय दिलंयत याच्या?"
खाली नळ सुटला होता.
राजय्या बादली लावायला गेला.

मी त्यात कोपऱ्यात आहे, डोळे मिटून.
म्हणजे साक्षीला माझा उपयोग नाही.

नागमणी चर्चमध्ये एकदाच आली.
चपला बाहेर काढून, पदर सावरून
विहिरीकडे नाही, पंखांकडे नाही,
स्वतःच्या पाठीकडे बघत उभी राहिली.
मग मला हळूच म्हणाली,
"मी इतकी वाकलीय व्हय रं?"