सबब

गंगापूर रोडच्या शाळेत, रविवारी,
सातवी ‘ब’च्या बाकांत गुडघे न मावणारे
आम्ही अकरा जण.
फळ्यावर शनिवारचा लसावि अर्धवट पुसलेला.
मनवा कुलथे म्हणाली, ‘मी’पासून सुरू करा.
वीस मिनिटं.

‘मी’ तर माझा हातखंडा.
तेहतीस वर्षं कोर्टाच्या कुंपणाला टेबल लावून
दुसरं काय लिहितोय?
मी, वय वर्षे चाळीस, धंदा मजुरी, रा. सातपूर.
मी, मयताची विधवा.
मी, सदर वाहनाचा मालक.
मी, लग्नानंतर जिचे नाव बदलले ती.
पानाला आधी तीन रुपये, आता तीस.
एकेका दुपारी मी चौदा जणांचा ‘मी’ झालोय
आणि मधे चहापण घेतलाय.

तर लिहिलं:
‘मी, पंडित रामचंद्र निकुंभ, वय सत्तावन्न, धंदा टायपिंग,
रा. पंचवटी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’
आणि ‘की’च्या पुढे पेन अडलं.
सांगायला समोर कोणी उभंच नव्हतं.

शेजारी निवृत्त नर्सबाई भराभरा लिहीत होत्या.
खिडकीबाहेर कुणी स्कूटरला किका मारत होतं,
ती काही लागत नव्हती.
मनवानं वाकून वाचलं. हसली नाही.
“काका, खणखणीत आहे. पण बोलतंय कोण?”
मी म्हटलं, अर्जदार.

मग सिंधू आठवली.
आठवली कसली, ती असतेच,
फायलीच्या तळाशी.

दोन हजार सहा, मे. ओझरहून बसनं आली,
पायात नवऱ्याच्या स्लिपर.
दिंडोरीची दीड एकर. थोरल्याचं म्हणणं, बहिणीनं सोडावी.
माझंही तेच म्हणणं, फक्त मी ते म्हटलं नाही.
मी कागद चढवला.
तीन प्रती, मधे कार्बन.
‘मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता’,
टाइप करताना ओठांत पुटपुटायची सवय मला,
तेवढंच तिला ऐकू गेलं.
“दादा, ते ‘स्वखुशीने’ लिहायलाच लागतं का?”
“असतंच ते. मसुद्यात.”

तीन शब्द.
तेहतीस वर्षांत कुणी न सांगता
माझ्या तोंडून निघालेले.
बाकी सगळं पक्षकारांचं.

तिनं सही केली. ‘सिंधू’चा ऊकार विसरली.
मी बोट ठेवून दाखवला,
मग काढला तिनं, लांबच्या लांब,
खालच्या ओळीत शिरलेला.
त्या ओळीत साक्षीदार म्हणून माझं नाव होतं.

हे लिहिलं. उभा राहून वाचलं.
शेवटी हात गेलाच वळणावर:
‘सबब, माझ्याकडून चूक झाली आहे.’
अंबडच्या कंपनीतला एक पोरगा म्हणाला,
“सबब म्हणजे बहाणा ना?”
नाही रे, म्हटलं, आमच्याकडे सबब म्हणजे ‘म्हणून’.
आणि बसताना गुडघा बाकावर असा आपटला
की डोळ्यांत पाणीच आलं.
नर्सबाईंनी आपली बाटली पुढे सरकवली.
मनवा म्हणाली, तो शब्द खोडू नका.
कुठल्या अर्थानं, ते बोलली नाही.

साडेबाराला सुटलो. सीबीएसपर्यंत चालत आलो.
कोर्ट बंद. माझं टेबल साखळीनं कुंपणाला,
पाय वर केलेलं.
ओझरची बस लागलेली होती.
किती वाजता सुटते, कंडक्टरला विचारलं.
पाच मिनिटं, म्हणाला.
इथे ‘चढलो’ असं लिहिता आलं असतं,
वाचायलाही बरं वाटलं असतं.
उसाचा रस घेतला. बस गेली.

कागद चार घड्या करून खिशात,
आणि त्यात खाली, उजवीकडे,
सवयीनं
सहीपुरती जागा सोडलेली.