होडीभाडे, पावती नसलेले

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा
फिलोमेना पलीकडे, तेरेखोलात,
बांगड्याच्या डोक्यातला खडा काढत होती,
कणीएवढा.
मी अलीकडे, रेडीत, तेच.
दोन वर्षं एकच मासा
दोन सरकारांच्या वह्यांत
अर्धा अर्धा लिहिला आम्ही.

आता खातं एक, सह्या दोघींच्या.
ऑडिटरला फक्त होडीभाड्याची पावती हवी.

जयबा गिरप डिझेलपुरते घेतो,
बाकीच्याला म्हणतो, "ऱ्हवांदे, फुडल्या खेपेक."

काल खाडीच्या मुखाशी त्यानं इंजिन बंद केलं,
जाळं ओढलं:
"ह्यो बांगडो खंयच्या हिशोबात?"
फिलोमेना हसली.
मी भरतीच्या तक्त्याच्या पाठीवर
पेन्सिलीनं पावती लिहिली.
जयबानं वाचली, दोनदा,
रक्कम कमी करून घेतली,
मग सही.

तिच्यावर एक खवला चिकटून आहे.
ऑडिटरला तोही पाठवतेय.