मधला उंचवटा

सव्वीस वर्षं मी या मैदानावर रेघा मारतोय.
दर पाच यार्डांवर एक, पांढरी,
दोन खुंट्यांमध्ये ताणलेल्या सुतळीच्या आधाराने.
ऑगस्टात आर्कान्सासचं ऊन असं,
की रंग गवताला लागायच्या आत वाळतो.

काल सभागृहात खुर्च्या मांडायचं कामही माझ्याकडेच आलं.
दोनशे दहा मांडल्या. माणसं आली साठ.
फळ्यावर लिहिलं होतं: स्पर्धेतला न्याय.
लिटल रॉकचे वकील म्हणाले,
'कॉलेज लहान असो की मोठं,
मैदान सगळ्यांना सपाट हवं.'
मी मागे भिंतीला टेकून
हसू दाबत उभा.

मलाकाई पेटिग्रूचं नाव तिघांनी घेतलं.
इथे आला तेव्हा नुसती हाडं आणि कान.
पहाटे साडेपाचला, मी पाणी बंद करायच्या आत,
ओल्या गवतावर एकटा पळायचा,
माझ्या रेघांवर पाय न देता.
कुणी शिकवलं नव्हतं.
दोन हंगाम.
मग डिसेंबरातल्या एका मंगळवारी लॉकर रिकामं,
आत एक मोजा
आणि त्याने उसनी नेलेली माझी छत्री,
नीट गुंडाळून.
त्याला नेणाऱ्यांच्या सरावाच्या मैदानालासुद्धा छप्पर आहे.

सप्टेंबरात आम्ही त्यांच्याकडे गेलो.
हरायला.
कानाला बरं नाही वाटत, पण करारच तसा असतो:
तुमची पोरं आणा, आमच्या पोरांकडून तुडवून घ्या,
जाताना चेक न्या.
त्रेसष्ट–तीन.
ते तीन गुण वेंडेल शॅकलफर्डचे,
अजून घडी घातलेल्या नोटेसारखे जपतो तो.
त्या चेकमधून मुलींच्या धावण्याच्या संघाला बस आली,
वाचनालयाचं गळणं थांबलं,
आणि मी ज्यावर बसतो ते गवत कापायचं यंत्र
त्यातलंच.
म्हणून न्यायाचा विषय निघाला
की मी जरा जपून बोलतो.

ओबरहोल्ट्झरबाई उठल्या, इतिहास शिकवतात.
'पैशाला लगाम घाला. नाहीतर
रोपं आपण वाढवायची आणि उपटून न्यायची त्यांनी.'
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मग मलाकाईची आई उठली.
कोंबड्यांच्या कारखान्यातली रात्रपाळी तिने सोडली आता,
मुलाच्या पैशावर,
पण हात अजून तसेच धरते,
बर्फाच्या पाण्यातून नुकतेच काढल्यासारखे.
म्हणाली, 'तुमचा कोच तळ्याकाठी घर बांधत होता
तेव्हा माझा मुलगा
सुजलेल्या गुडघ्यावर फुकट खेळत होता.
तेव्हा कुठे होती ही सभा?'

टाळी एकही नाही.
कुणाची तरी खुर्ची करकरली.
वकिलांनी पाणी प्यायलं.

ठराव झाला: समिती नेमावी.
मी दोनशे दहा खुर्च्या मिटल्या.

आज पहाटे पुन्हा सुतळी ताणली.
वकिलांना सांगायचं राहिलंच:
मैदान सपाट नसतं हो.
मधोमध फूटभर उंच, दोन्ही कडांना उतरतं,
पाणी साचू नये म्हणून.
चूक नाही ती, बांधलंयच तसं.
सुतळी मधे गवताला टेकते
आणि कडांना बोटभर अधांतरी राहते.
इकडून वाकून पाहिलं
तर पलीकडच्या पोरांचे बूट दिसत नाहीत,
बिनपायांची माणसं नुसती.
तिकडून आम्हीही तसेच दिसत असणार.

नवा एक पोरगा आलाय पळायला.
याचं नाव विचारायचं नाही, असं ठरवलं होतं मी.
विचारलं की लक्षात राहतं.
ओल्या रेघेवर पाय पडला त्याचा.
पांढरे ठसे उमटत गेले,
उंचवट्यापर्यंत,
पुढचे मला दिसेनात.

'ए,' मी ओरडलो, 'नाव काय रे तुझं?'