तळाचा ठिपका

पाच वाजून दहा मिनिटांनी पंपघर उघडते.
मोटारीच्या अंगाजवळ हात नेते,
तवा तापलाय का बघतात तसा.

मग नळी. कोपरभर खोलीवरून घेतलेलं पाणी,
एक गोळी, झाकण, उलटसुलट.
गुलाबी यायला हवं.
लग्नातल्या सरबतासारखं भडक नको,
पेरूच्या आतल्या अंगाइतकं पुरे.
वहीत लिहिते: क्लोरीन दीड, पीएच सात पूर्णांक चार.
सही: व. ह. मढवी.

ह म्हणजे हसुराम, माझा बाप.
हा तलाव आहे तिथे मिठागर होतं, ऐरोलीला घरं उठायच्या आधी.
तो वाफ्यात बोट बुडवून जिभेला लावायचा
आणि सांगायचा, मीठ किती दिवसांत धरेल.
त्याची सही अंगठ्याची,
आणि अंगठा मिठाने असा झिजलेला
की साडेबारा टक्क्यांच्या कागदावरही नीट उठला नाही.

क्लोरीन मिठातूनच काढतात, हे मला कोर्सला कळलं.
घरी सांगितलं तर म्हणाला,
"म्हंजे तूपन मीठच टाकतेस ना पान्यात."

लोक आत येतात, नाक फुगवतात:
वा, क्लोरीनचा वास, स्वच्छ दिसतंय पाणी.
दरवेळी बोलत नाही. कधीकधी बोलते.
सबनीस काकू, चांगल्या पाण्याला वास कमीच असतो.
हा वास घामाचा, तेल चोपडलेल्या केसांचा,
आणि उथळ बाजूच्या कोपऱ्यात
फार वेळ, फार शांतपणे उभ्या राहणाऱ्यांचा,
क्लोरीनशी झटापट होऊन वर आलेला.
काकू तेव्हापासून आधी शॉवरखाली जातात.
कुरुविला सर अजून नाही. "घरून अंघोळ करून आलोय," म्हणतात,
घणसोलीहून, मे महिन्यात, स्कूटरवर.

संध्याकाळी तळाच्या जाळीचे स्क्रू स्वतः तपासते.
पाणी ओढणाऱ्या तोंडाला
पान कुठलं आणि वेणी कुठली, कळत नाही.

मेमधला दुसरा रविवार. उन्हाळी शिबिर.
पाणी पेजेसारखं.
खोल टोकाला तळावर मी एक काळा ठिपका रंगवून घेतलाय,
ताटलीएवढा.
काठावरून तो दिसला नाही
तर बुडालेलं पोरही दिसणार नाही.
गुरुनाथने शिट्टी दातात धरूनच विचारलं, "दिसतो?"
मी बाजू बदलून पाहिलं. उन्हाकडे पाठ करून पाहिलं.

साहेबांचा फोन. "गढूळ म्हणजे किती गढूळ? फी घेतलीय आपण."
साहेब, ठिपका दिसत नाही.
"ठिपका काय घेऊन बसलात, मढवी!"

तोच घेऊन बसले.
पाटीवर 'तांत्रिक कारणास्तव' लिहिलं नाही.
लिहिलं: पाणी गढूळ आहे. तळ दिसत नाही.
फाटकाशी पालकांचा आवाज चढला,
एक मुलगा गॉगल लावूनच रडला,
काचा आतून भरत गेल्या.

तुरटी. थांबणं. वाळूच्या टाकीचा प्रवाह उलटा फिरवणं,
काचेच्या तुकड्यातून चहासारखं पाणी जाताना बघणं,
मग फिक्कं, मग पुन्हा चहा.
त्या टाकीत किती जणांचं काय काय होतं,
ते फीच्या पावतीवर लिहीत नाहीत.

रात्री बाप डबा घेऊन आला. भाकरी, सुकटीचं कालवण.
काठावर उकिडवा बसला,
बोट बुडवलं आणि जिभेकडे नेलं.
"बाबा, नको."
त्याने बोट लेंग्याला पुसलं.
बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला, मग म्हणाला,
"अजून निवलं नाय."
नळीनेही तेच सांगितलं असतं, थोडं सावकाश.

पहाटे चारला टॉर्च मारला.
ठिपक्याची एक कड आली होती,
नखाएवढी.
गुरुनाथ म्हणाला, "आला की!"
मी पुन्हा बघितलं.
वहीत लिहिलं: कड दिसते. ठिपका नाही.
अजून बंद.